उरलेली हवा

एकदा एक वस्ताद आपल्या शिष्येच्या हाती इंजिनाचे पेट्रोल कमी-जास्त करणारा लॅपटॉप सोपवून बाकावर जाऊन बसले. त्यांचे गॅरेज आमच्या घराला लागूनच, मधली भिंत जेमतेम खांद्याइतकी. त्यामुळे पुढचे सारे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्याला जोडलेली गाडी दुसऱ्या दिवशी घाटातल्या शर्यतीत उतरायची होती. वस्तादांचा शब्द असा, की हे इंजिन तिने एकटीने लावून दिले तर यापुढचे सारे ट्यूनिंग तिचे.

वजनाने एक भाग पेट्रोल पुरते जळायला साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते. दोन्ही एकमेकांना नेमकी पुरली की पडद्यावर 'एक' दिसतो. त्या आकड्याला लॅम्डा म्हणतात. हवा उरली तर तो एकाच्या वर, पेट्रोल उरले तर खाली. सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर हे सांगतो.

पडद्यावर होते १.२. शिष्येने हिशेब मांडला: हवा उरते, म्हणजे पेट्रोल कमी. तितक्या पटीने तिने पेट्रोल वाढवले. इंजिन आणखी अडखळू लागले, आकडा चढला. तिने पुन्हा गुणाकार केला, पुन्हा वाढवले. आता १.३४.

शेजारी उभा असलेला गाडीमालक म्हणाला, "ताई, गाडी पळवायची हाय, पेट्रोलनं धुवायची न्हाई."

"उपाशी आहे ती," शिष्या म्हणाली. पण आवाज खाली गेला होता.

वस्ताद उठले. तिने वाढवलेले सगळे पेट्रोल त्यांनी काढून घेतले, वर आधीचेही थोडे.

"वस्ताद, उपाशी इंजिनापुढचं ताट ओढताय?"

त्यांनी नुसती रेस दिली. इंजिन दोन-तीनदा खोकले आणि एका सुरात फिरू लागले. आकडा १.३४ वरून थेट ०.८ वर उतरला. पेट्रोल काढले, आणि यंत्र म्हणते, पेट्रोल जास्त आहे! मी भिंतीशी खिळून राहिले. वस्तादांनी आणखी काढले. आकडा सावकाश चढत एकावर येऊन स्थिरावला.

मग ते म्हणाले, "सेन्सर खोटं बोलला न्हाई, पोरी. त्याला पेट्रोल दिसतच न्हाई. न जळता बाहेर आलेली हवा तेवढी कळती. पेट्रोल इतकं झालं, की ठिणगीच भिजून मरत हुती. मग पेट्रोल तसंच बाहेर, हवाबी तशीच बाहेर. हवा उरली, एवढंच त्यानं सांगितलं. पेट्रोल कमी पडलं, हे तू मनानं जोडलंस."

"मग आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही?"

"ठेवायचा की. तो बोलला तेवढ्यावरच."

गाडीमालक म्हणाला, "वस्ताद, पुढचं आता तुम्हीच उरका."

वस्तादांनी लॅपटॉप शिष्येकडे वळवला. "ती चुकली न्हवं? आता ह्या इंजिनाची नाडी तिच्याइतकी कुणालाच ठावं न्हाई."

ती उठून गाडीमागे गेली, सायलेन्सरपुढे तळवा धरला, वास घेतला, आणि मगच परतून कामाला लागली.

पोराच्या वहीत कोरी पाने उरली, की शिकवणे कमी पडले असे धरून आपण त्याला आणखी एक शिकवणी लावतो. आधीचीच जास्त झाली आहे का, हे विचारायचे राहून जाते.