रावबहादुरांना न आलेला शब्द

रावबहादुरांना इंग्रजीचं भारी वेड. सून मथुरा माहेरी जायचं म्हणाली, की ते शब्द विचारायचे. अडली, की जाणं रद्द. सुव्हेनिर म्हणजे आठवणीची वस्तू, बॉन व्हॉयाज म्हणजे सुखाचा प्रवास, सारं तिनं घोकलं. तरी नवा शब्द निघायचाच. परसातली चिंच दोनदा फळली, पण आईची भेट नाही.

शेवटी तीच म्हणाली, "मामंजी, आज मी विचारते. अडलात तर मला धाडायचं. माहेरला इंग्रजीत काय म्हणतात?"

"इंग्रजांकडे नव्हतं ते त्यांनी फ्रेंचांकडून आणलंय, कमी कशाची? मदर्स हाउस! आईचं घर."

"तुम्ही तर जन्मभर आईच्याच घरात राहिलात. मग हे तुमचं माहेर का?"

रावबहादूर मिशी चावत राहिले. मग पुटपुटले, "गाडी जुंपायला सांगा."

दाराआडून सासूबाई हळूच म्हणाल्या, "दोघींसाठी."