राजाच्या हातची वात

एका राज्यात माणसांपेक्षा साळुंक्या महत्त्वाच्या होत्या. तिथं मूल जन्मलं, की त्याच्या खांद्यावर एक साळुंकी येऊन बसे आणि जन्मभर तिथंच राही. माणूस जे करी ते ती बघे, आणि ती बघे म्हणून माणसाच्या हातून ते नीट होई. तिलाच लोक ध्यान म्हणत.

त्या राज्याच्या गडावर एक दिवा होता. रोज सकाळी राजानं जमिनीवर बसायचं, कापूस घ्यायचा, न बोलता, घाई न करता एक वात वळायची आणि सांजेला तीच दिव्यात लावायची. दिवा राजाच्याच हातची वात घेई. ती एका सांजेपासून दुसऱ्या सांजेपर्यंत जळे. आजा-पणजापासून हे चालत आलं होतं, आणि दिव्याच्या उजेडात साळुंक्या सुखानं नांदत होत्या.

राजा भद्रसेन मोठा कामसू. एके दिवशी त्याच्या मनात आलं, रोज रोज काय बसायचं? एकदाच बसू, टोपलीभर वाती वळून ठेवू. तसं त्यानं केलं. सकाळ मोकळी झाली म्हणून तो खूश झाला. दिवा जळत राहिला, पण त्याच्यासमोरची राजाची जागा रिकामी पडली.

डोंगरापलीकडे भोवरनाथ नावाचा जादूगार राहत असे. तो उभ्या जागी गरगर फिरे, कधी थांबत नसे. राजा दिव्यासमोर बसे तोवर त्याला गडावर येता येत नसे. रिकामी जागा बघून तो वावटळ होऊन गडावर आला, साऱ्या राज्यावर एक गिरकी मारली आणि साळुंक्या पाचोळ्यासारख्या उडवून घेऊन गेला.

मग काय विचारता! आचारी आमटीत मीठ घाली, मागं वळे आणि पुन्हा मीठ घाली. गवंड्यानं चांगला जिना बांधला, वर दार ठेवायचं राहिलं. लग्नात नवरानवरी सप्तपदीच्या मध्येच उभी राहिली, कारण भटजी आकाशातली घार बघत होते. कुणी कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकेना. कुणाचा विचार टोकाला जाईना.

एकटी राजकन्या बकुळा वाचली. लहानपणी ती बापाशेजारी बसून वात वळायला शिकली होती. बापानं बसणं सोडलं, तिनं आपलं बसणं सोडलं नव्हतं. वावटळ आली तेव्हा ती कोपऱ्यात कापूस पिंजत होती, आणि तिची साळुंकी तिच्या बोटांकडे बघत होती. म्हणून ती उडाली नाही.

पण बकुळेला एक दुःख होतं. राजा तिला बघून हसे, "बकु..." म्हणे, आणि त्याची नजर कुठंतरी निघून जाई. लेकीचं नाव काही त्याच्या तोंडून पुरं होत नसे.

एका पहाटे ती म्हणाली, "बाबा, काल सांजेला टोपलीतली शेवटची वात लावली. आज नवी वळायला हवी."

"हो, वळू या. आत्ता..." राजा म्हणाला आणि ढग बघू लागला. कापूस त्याच्या हातातून गळून पडला.

साळुंकी तिच्या कानाशी आली. "ऐका, बाई. दिवा विझला, की पलीकडची पाखरं घर विसरतील. मग ती कुणाचीच राहणार नाहीत."

"मग आणू या त्यांना."

"बोलायला काय जातंय! भोवरनाथाच्या गुहेत बाहेरचा उजेड टिकत नाही. त्याच्या रानातला कापूस हवा, त्याच्या तळ्यातलं तेल हवं, आणि तिथं बसून वळलेली वात हवी."

बकुळेनं कमरेला चकमक खोवली, पदरात पणती घेतली आणि चालू लागली.

पहिलं लागलं बोलकं रान. पान अन् पान कुजबुजत होतं. "बकुळे, सिंहासन तुझंच. बकुळे, तुझ्यासारखी तूच." आणि मागून, "बकुळे, तुझ्यानं काही व्हायचं नाही." ऐकता ऐकता तिचा खांदा हलका झाला. साळुंकी लांब फांदीवर जाऊन बसली होती, आणि पायाखालची वाट नाहीशी झाली होती.

"मेली कुठली! आत्ताच उडायचं होतं?" बकुळा ओरडली. साळुंकी आणखी लांब गेली. ती आणखी ओरडली. साळुंकी आणखीच लांब गेली.

मग बकुळा ओरडायची थांबली. तिनं एक पाऊल टाकलं, आणि टाच टेकली ती जाणली. बोटं टेकली ती जाणली. माती गार होती. "ये," ती हळूच म्हणाली. साळुंकी आली. वाटही आली. पानं बडबडत राहिली, ती चालत राहिली. रानाच्या मधोमध एका झाडाला एकच बोंड फुटलं होतं, ते तिनं खुडलं.

दुसरं लागलं दुतोंडी तळं. एका काठाला कालचा दिवस दिसे, दुसऱ्या काठाला उद्याचा, आणि मधल्या दगडापाशी तेलाचा झरा. बकुळा मधल्या दगडावर वाकली. कालच्या पाण्यात राजा तिला मांडीवर घेऊन वात वळायला शिकवत होता. उद्याच्या पाण्यात गडावर काळोख होता. तिनं पणती बुडवली, वर काढली, तर कोरडी. साळुंकी या काठावरून त्या काठावर भिरभिरत होती.

या खेपेस बकुळा रागावली नाही. तिला रडू आलं, ते तिनं येऊ दिलं. "बघून झालं का? आता ये," ती म्हणाली. साळुंकी आली आणि पणतीच्या कडेवर बसली. या वेळी पणती काठोकाठ भरून निघाली.

तिसरी लागली गुहा. आत मिट्ट काळोख आणि कानठळ्या बसतील असा कल्ला. राज्यातल्या साऱ्या साळुंक्या एकदम बोलत होत्या, आणि एकीचंही वाक्य पुरं होत नव्हतं. "मीठ घातलं की..." "दार ठेवायचं ते..." "आता चौथं पाऊल..."

काळोखात भोवरनाथ गरगर फिरत हसला. "या, राजकन्या. पुष्कळ वीर आले, तलवारीनं आवाज कापायला. तुमच्या बापाचं पाखरू ओळखा, सगळी सोडतो. चुकलात तर तुमचंही इथंच राहील."

"कबूल," बकुळा म्हणाली, आणि जमिनीवर बसली.

तिनं कापूस पिंजला. श्वास आत आला, तो तिनं जाणला. बाहेर गेला, तोही जाणला. साळुंकी उडाली. तिनं बोलावली. आली. परत उडाली. परत बोलावली. बोटं कापूस वळत राहिली.

भोवरनाथ खदखदला. "हिचं पाखरू तर टिकतच नाही! ही कसली राखणार?"

"उडतं," बकुळा मान वर न करता म्हणाली. "आणि येतं."

असं किती वेळ चाललं कोण जाणे. कल्ला काही कमी झाला नाही. पण वर लाटा असाव्यात आणि खाली पाणी निवांत असावं, तसं तिच्या आत झालं. आता एक एक आवाज तिला वेगळा ऐकू येऊ लागला. हा आचाऱ्याचा. हा भटजींचा. आणि अगदी कोपऱ्यातून, दमलेला, घोगरा, "बकु... बकु... बकु..."

तिनं वातीचं टोक वळून पुरं केलं.

"ळा," ती म्हणाली. "बकुळा. ये बाबांच्या साळुंके, मी इथं आहे."

म्हातारी साळुंकी येऊन तिच्या मांडीवर बसली. बकुळेनं वात तेलात भिजवली, चकमक झाडली, आणि गुहेत सरळ, न हलणारी ज्योत उभी राहिली. तेव्हा दिसलं, की गुहेत पिंजराच नव्हता. प्रत्येक साळुंकी भलतीकडे बघत होती, एवढीच काय ती कैद. आता सगळ्यांनी मिळून एका ज्योतीकडे बघितलं.

भोवरनाथानंही बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याची नजर एका जागी ठरली. गिरकी मंदावली, थांबली, आणि थांबताच त्याची जादू सरली. उरला एक थकलेला म्हातारा.

"हे असं असतं होय?" तो म्हणाला, आणि ज्योतीसमोर मुकाट बसला. बकुळेनं पणती त्याच्यापाशीच ठेवली.

दिवस कलताना आभाळ साळुंक्यांनी भरलं. आचाऱ्यानं आमटी चाखली आणि कपाळावर हात मारला. भटजींनी घसा खाकरला. "हं, चौथं पाऊल!" नवरीचा बाप म्हणाला, "गुरुजी, जेवणं गार झाली हो!" आणि मांडव हसून लोटपोट झाला.

गडावर दिवा मिणमिणत होता. म्हातारी साळुंकी राजाच्या खांद्यावर उतरली. राजानं आजूबाजूला बघितलं, रिकामी टोपली बघितली, आणि त्याला सगळं कळलं. तो जमिनीवर बसला, कापूस घेतला आणि वात वळली. अख्खा दरबार श्वास रोखून उभा होता. ज्योत विझता विझता नव्या वातीनं तिला हात दिला.

मग राजा उठला. मान ताठ, डोळे भरलेले.

"लोकहो, ऐका," तो म्हणाला, आणि लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं. "मी वाती साठवल्या. हिनं बसणं राखलं. ही माझी लेक, बकुळा."

नाव पुरं झालं. गडावर नगारा वाजला.

प्रधानजी पुढं आले. "राजकन्या, आपली साळुंकी एकदाही उडाली नसेल, नाही?"

"पुष्कळदा उडाली, प्रधानजी."

"मी नाही उडाले!" साळुंकी म्हणाली.

"उडालीस गं," बकुळा म्हणाली. "पण आलीस."

तेव्हापासून त्या राज्यात रोज सकाळी घरोघर माणसं घडीभर बसतात आणि एक एक वात वळतात. जिन्याला दार असतं, वाक्याला शेवट असतो, हाकेला ओ असते. त्यांची पाखरं त्यांच्या खांद्यावर परतली, तुमची आमची तुमच्या आमच्या खांद्यावर परतोत. आणि कहाणी दिव्याशी निवांत बसो.