रंगाऱ्याची बायको आणि गेळफळाचा काढा

एकदा एका वैद्याच्या शिष्याची बुद्धी अशी चक्रावली की विचारू नका. दोनच दिवसांत त्याने गुरूला दोन जीव वाचवताना पाहिलं होतं. एकाने धोतऱ्याच्या बिया खाल्ल्या होत्या, दुसऱ्याने कण्हेरीचं मूळ. दोघांनाही वैद्यबुवांनी गेळफळाचा काढा पाजला, दोघेही भडाभडा ओकले आणि वाचले. शिष्याने मनाशी गाठच बांधली, की पोटात विष गेलं, द्या गेळफळ!

तिसऱ्या दिवशी एक रंगारी आपल्या बायकोला, सगुणाला, बैलगाडीत घालून आला. "विष गेलं हो पोटात!" एवढंच तो म्हणत होता. वैद्यबुवा नदीवर गेलेले. शिष्याने घाईघाईने काढा उकळला आणि पेला तिच्या तोंडाशी नेला. तेवढ्यात वैद्यबुवा ओलेत्यानेच आत आले. त्यांनी तिचे सुजलेले ओठ पाहिले आणि तो पेला हिसकावून मोरीत ओतला.

"दूध आण. घोटघोट पाज."

"अहो गुरुजी, विष आतच राहील! मरेल ती!" शिष्य रडकुंडीला आला. काल जे अमृत ठरलं, ते आज मोरीत?

वैद्यबुवांनी रंगाऱ्याला विचारलं, "काय प्यायली?"

"खाराचं पाणी, बुवा. सूत धुवायला राख भिजवून गाळतो ते. दिसतं अगदी पाण्यासारखं. तहानेच्या भरात तोच तांब्या उचलला हो तिने!"

वैद्यबुवा शिष्याकडे वळले. "ऐकलंस? धोतरा घसा जाळत नाही, पोटात मुरला की मारतो. म्हणून तो परत बोलवायचा. खार घसा भाजतच खाली गेला. ओकवला असतास, तर त्याच जखमांवरून भाजत वर आला असता."

"पण मी हे ओळखायचं कसं?"

"अरे शहाण्या, विचारायचं! काढा उकळेपर्यंत तुला वेळ होता. तेवढ्यात 'काय प्यायलीस, ताई?' एवढंही तोंडातून निघालं नाही?"

शिष्याचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मीच तिला..."

मंडळी, उपाय ठाऊक झाला की विचारपूस संपते. आपल्या घरात तरी दुसरं काय चालतं?

दुपारपर्यंत सगुणाच्या घशाखाली दूध उतरू लागलं. शिष्य तिच्या उशाशी बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, कुठे दुखतंय?"

तिला बोलता येत नव्हतं. तिने त्याचं बोट धरलं आणि आपल्या गळ्यावर ठेवलं.