खडक हलवले तेव्हा

समुद्रापासून पुष्कळ लांब, एका घरातल्या काचेच्या टाकीत इवलासा समुद्र नांदत होता, तेव्हाची ही गोष्ट. त्यात रंगीत प्रवाळ होते, खडक होते, आणि सगळ्यात मोठ्या खडकाच्या कपारीत निळोबा मासा राहायचा. कपारीजवळ कुणी नुसतं फिरकलं, तरी तो कडकडून चावायचा.

एकदा टाकीत हळदुली नावाची पिवळी, नाजूक मासोळी आली. निळोबाने आल्या आल्या तिला कोपऱ्यात पिटाळलं. ती तिथेच काचेला चिकटून उपाशी राहिली.

घरच्या कुमुदताईंनी ते पाहिलं. त्यांनी बाह्या सरसावल्या, टाकीत हात घातला आणि कुणाचीच ठरलेली जागा उरू नये म्हणून सगळे खडक उचलून नव्याने मांडले.

गढूळ पाणी निवळलं, तेव्हा निळोबाला कपार दिसेना. घर होतं तिथे नुसती वाळू. तो सैरभैर झाला. भीतीने त्याचा निळा रंग पार फिका पडला.

समोरच्या फटीतून हळदुली डोकावत होती. आता ही आपल्याला चावणार, असं वाटून निळोबा जागीच थबकला.

"तुम्हीपण आजच आलात का?" तिने विचारलं.

"हो," तो हळूच म्हणाला.

"मग या ना आत. पहिल्या दिवशी फार भीती वाटते." ती अंग चोरून बाजूला सरकली.

तिने आपल्याला ओळखलं होतं का, हे निळोबाने कधीच विचारलं नाही. पण पुढे टाकीत कुणी नवखं आलं, की त्या फटीत आधी तोच बाजूला सरकायचा.