हौसाबाईचं फूल

एका तालुक्याच्या गावी कुंभोजकर नावाचे प्राध्यापक वनस्पतिशास्त्र शिकवत. माणूस अभ्यासू आणि सरळ. पण आपण शोधलेली एक तरी नवी वनस्पती असावी, या ध्यासाने त्यांना वीस वर्षं पछाडलं होतं. सुट्टी मिळाली की ते डोंगर पालथे घालत.

एका श्रावणात, डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळी पठारावर, शेळ्या राखणाऱ्या हौसाबाईने त्यांना एका कातळाजवळ नेलं. खाचेतल्या मूठभर मातीत सात रोपं फुलली होती. सरांनी भिंग लावून पाकळ्या मोजल्या, पराग पाहिले. असं फूल कोणत्याच पुस्तकात नव्हतं!

"दरसाल हितंच येतंय बगा. दुसरीकडं कुटं बगितलं न्हाई," हौसाबाई म्हणाली.

वीस रोपं दिसली तर एक उपटावं, हा नियम सर स्वतःच वर्गात शिकवत. इथे तर सातच होती. पण शेजारच्या जिल्ह्यातले एक प्राध्यापकही याच डोंगरात फिरत होते. ज्याचा शोध आधी छापून येईल, त्यानेच दिलेलं नाव टिकणार. मागे ठेवलेलं रोप त्यांच्या हाती लागलं तर?

सरांनी खुरपं काढलं. एक, दोन, तीन...

"सर, दोन ऱ्हाऊ द्या की," हौसाबाई काकुळतीला आली.

"अहो, कंद जमिनीत असतातच. पुढच्या वर्षी पुन्हा येतील," सर म्हणाले आणि त्यांनी सातही रोपं कंदासकट उपटली. आपण खोटं बोलतोय, हे त्यांना ठाऊक होतं.

रोपं कागदात दाबून वाळवली गेली. शोध छापून आला. सरांनी फुलाला हौसाबाईचं नाव दिलं. मनाला लागलेली टोचणी त्यांना अशी शमवायची होती. सत्कार झाले, हार पडले.

पुढच्या श्रावणात ते छापील कागद घेऊन सड्यावर गेले. हौसाबाईला कोण आनंद! ती नातीला हाताला धरून घेऊन आली.

"चला सर, माज्या नावाचं फूल पोरीला दावू."

कातळाच्या खाचेत नुसतं पाणी साचलं होतं. तिघांनी अख्खा सडा धुंडाळला. एकही रोप दिसलं नाही.

शेवटी सरांनी पिशवीतून वाळवलेल्या रोपाचा कागद काढला. नात वाकून बघत राहिली.

"आज्जे, ह्ये तर वाळल्यालं गवात हाय."

हौसाबाई नातीचा हात धरून शेळ्यांकडे वळली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. त्यानंतर दर श्रावणात ते सड्यावर जात राहिले आणि रिकाम्या हातांनी परतत राहिले. ते फूल पुन्हा कुणालाच दिसलं नाही.

तात्पर्य: शोधाचा मान मिळवण्यासाठी शोधलेली गोष्टच संपवली, तर हाती नुसतं नाव उरतं, आणि मागाहून केलेल्या पश्चात्तापाने उपटलेलं रोप पुन्हा रुजत नाही.