उघड्या तोंडाच्या कड्या

किती पिढ्या उलटल्या, ते मोजत बसू नका. पूर्वी एका राज्यात तुळया लाकडाच्या नसत, ओतीव असत. साच्यात लोखंडी सळ्या मांडायच्या, त्यांच्याभोवती कड्या घालायच्या आणि वरून चुना, वाळू, खडीचा ओला माल ओतायचा. काही दिवसांनी तुळई दगडासारखी होई.

त्या राज्यात एक म्हातारा गवंडी होता. चाळीस वर्षांत त्याची एकही तुळई वाकली नव्हती. हे तो रोज कोणाला तरी सांगायचा. लोकांचंही ते पाठ झालं होतं.

राजाने त्याला नगराच्या वेशीवर मिरवणुका बघायला सज्जा बांधायला सांगितला. दोन खांब, त्यांवर एक तुळई, आणि तुळईच्या एकाच अंगाला पुढे आलेला सज्जा. दुसऱ्या अंगाला काही नाही.

गवंड्याने लोहारणीला निरोप धाडला, "कड्या वरून उघड्या ठेव. सळ्या झटकन बसतात."

लोहारीण स्वतः आली. तीही म्हातारीच.

"दादा, कड्या बंद घ्या. टोकं आत वळवून देते."

"चाळीस वर्षं उघड्याच चालल्या."

"तेव्हा भार तुळईच्या डोक्यावर होता. ती खाली वाकू बघायची, तळातल्या सळ्या तिला धरायच्या. हा सज्जा एका बाजूला लोंबणार. तो तुळईला पिळणार. तिला चारही कोपऱ्यांत दणकट सळई हवी, आणि चौघींना आवळून धरणारी बंद कडी."

"तू भाता ओढ, बाई. तुळई मला शिकवू नकोस."

त्याने दुसऱ्या लोहाराकडून उघड्या कड्या करून घेतल्या. तळाला जाड सळ्या घातल्या, वर नावापुरत्या दोन बारीक.

सज्जा झाला. गवंड्याने तुळईच्या मधोमध वाळूची शंभर पोती रचली आणि खाली दोरी ताणून धरली. तुळई केसभरही वाकली नाही.

"पोती सज्ज्याच्या कठड्याशी ठेवून बघा," लोहारीण म्हणाली.

"का? वाळूला मिरवणूक बघायचीय?" गवंडी म्हणाला. सगळे हसले.

मग फौज जिंकून परतली. सज्ज्यावर साठ माणसं चढली. बाया, म्हातारी, लेकरं. गवंड्याची सून तान्ह्याला घेऊन कठड्यापाशी होती. गवंडी खाली चौकात उभा होता.

नगारा वाजला. साठच्या साठ माणसं कठड्याशी दाटली.

गवंड्याच्या खांद्यावर चुना पडला. त्याने वर पाहिलं. तुळईवर एक तिरपी भेग होती. ती तुळईच्या पोटाखालून गेली होती आणि मागच्या अंगाने तिरपीच वर चढली होती. तुळई वाकली नव्हती. ती पिळली जात होती.

"मागे सरका! खाली उतरा!" तो ओरडला.

"मामंजी, भिताय काय?" सून हसून म्हणाली. "तुमची तुळई आहे!"

"चाळीस वर्षांत वाकली नाही, आज वाकते होय?" आणखी कोणी म्हणालं.

एकही पाऊल हललं नाही. भेग बोटभर रुंद झाली.

राजा समोर घोड्यावर होता. सगळं नगर ऐकत होतं. गवंड्याने आधी राजाकडे पाहिलं, मग भेगेकडे. त्यात दोन श्वास गेले; ते त्याला पुढे कधी विसरता आले नाहीत.

मग तो गरजला, "तुळई चुकली! मी चुकलो! लोहारणीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. कड्या उघड्या आहेत. पोरं उचला आणि उतरा!"

हसू थांबलं. माणसं मागे सरली, खांबाजवळच्या जिन्याने उतरू लागली. लोहारीण पायथ्याशी उभी राहून एकेकाला हाताला धरून ओढत होती. शिपायांनी चौक मोकळा केला. सून शेवटी उतरली. ती दहा पावलं गेली असेल, तोच सज्जा खाली तोंड करून चौकात कोसळला.

राजा म्हणाला, "साठ जीव तू वाचवलेस. धोक्यातही तूच घातले होतेस."

नवा सज्जा लोहारणीच्या सांगण्यावरून झाला. गवंडी तिच्या भट्टीपाशी बसून कड्या वळत होता. पहिली कडी हातात घेऊन त्याने विचारलं, "टोक किती आत घेऊ, ताई?"

बोध: भार कुठून येणार हे विचारण्यात जो कमीपणा मानतो, त्याच्या भरवशावर कोणी उभं राहू नये.