हरळीचा वाघ

फार पूर्वी एका डोंगरातला वाघ म्हातारा होऊन मेला आणि सगळं रान मोकळं झालं. सशिणीचं पिल्लू मिटकू मात्र जाळीबाहेर पाय टाकीना. चरणं सुटलं, अंग वाळत चाललं.

“वाघ एकदा जवळून बघितला की भीती मोडेल,” असं म्हणत वानराने जाळीसमोर काळ्या दगडाचा हुबेहूब वाघ घडवला. मिटकूने नाक बाहेर काढलं. गार दगडाला ना वास, ना ऊब. तो आणखी आत शिरला.

सशिणीचं उतरलेलं तोंड झाडावर घरटं विणणाऱ्या सुगरणीला बघवेना. तिने शेजारीच तसाच वाघ ओल्या हरळीने विणायला घेतला. तोच जबडा, तेच डोळे, तेवढीच उंची.

“गवताचा वाघ! याला कोण भिणार?” वानर खदाखदा हसला.

सुगरण फणकारली, पण एकही टाका तिने ढिला सोडला नाही. असा वाघ साऱ्या पाखरांनी येऊन बघावा, असं तिच्या मनात होतं.

सकाळी वारा सुटला आणि ओल्या हरळीचा वास जाळीत शिरला. जाळीतून आधी नाक आलं, मग कान, मग अख्खा मिटकू. वाघाच्या डोळ्याला डोळा देत तो पुढे सरकला आणि त्याने वाघाची मिशी कुरतडली.

“अरे, माझी मिशी!” सुगरण ओरडली.

मिटकू दचकून थांबला. सशिणीने श्वास रोखला. सुगरणीने दोघांकडे पाहिलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला.

“शेपटीपासून खा रे बाळा. ती जास्त कोवळी आहे.”